टर्बो, मार्गे कराड-सांगली

कुठलंही इंजिन उघडून परत बसवलं की एखादा नटबोल्ट उरतोच. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश, मिस्त्री खूश, पण बोल्ट हातात. तो टाकायला प्रत्येक गॅरेजात एक डबा असतो. उंब्रजच्या नानामिस्त्रींच्या गॅरेजात असा तुपाचा मोठा डबा होता आणि तो काठोकाठ भरलेला होता. त्याच गॅरेजचे किस्से माझ्याकडं तसेच साठलेत. बरेचसे कुठल्या गाडीचे तेही आता आठवत नाही. पण काही एकाच गाडीचे आहेत, तेवढे आज काढतो.

आधी जागा सांगतो. हायवेला लागून नानांचं पत्र्याचं गॅरेज आणि त्याला चिकटून माझं स्पेअर पार्टचं दुकान. ते उघडायचे, मी विकायचो. समोर चहाची टपरी, तिथं दोघं बसायचो. साल सत्त्याण्णवच्या आसपासचं. नाना तेव्हा साठीला आलेले. एक लांब स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. सहसा चुकायचे नाहीत. "तीस वर्सांत माज्या दारातली गाडी दुसऱ्याच्या दारात गेली न्हाई," हे वाक्य ते दिवसातून एकदा म्हणायचेच. गिऱ्हाईक नसलं तर मला म्हणायचे.

त्या अभिमानाला एकच टोचणी होती आणि ती कराडात होती. दिनकर. अकरा वर्षं नानांच्या हाताखाली काम केलं, आणि एक दिवस म्हणाला, "नाना, आता नुसतं ऐकून भागत न्हाई. मीटर लागतोय."

नाना म्हणाले, "मग मीटरच्याच हाताखाली काम कर जा."

तो खरंच गेला. कराडला स्वतःचं गॅरेज टाकलं आणि वर बोर्ड लावला, 'टर्बो स्पेशालिस्ट'. त्याला चार वर्षं झाली होती. नानांनी त्याचं नाव टाकलं होतं. घ्यायचीच वेळ आली तर नुसतं 'कराड' म्हणायचे. "कराड लय शेफारलंय." "कराडाला माज आलाय." नवख्या माणसाला वाटायचं, हा म्हातारा अख्ख्या गावावर का चिडलाय?

* * *

सुभेदारांची जीप पहिल्यांदा आली तेव्हा आधी धूर आला आणि मग जीप आली. टपरीवाल्यानं भज्यांच्या परातीवर पेपर झाकला.

सुभेदार पश्चिमेच्या डोंगरातल्या एका गावचे, फौजेतून रिटायर झालेले. कुठल्याशा परदेशी सर्व्हेवाल्यांनी काम संपल्यावर लिलावात काढलेली ही जुनी डिझेल गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. चारी चाकांना जोर, पाठीवर स्टेपनी, आणि आतल्या पाट्यांवर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. आम्ही तिला जीपच म्हणायचो. त्यांच्या गावचा चढ असा की एसटी खालच्या फाट्यावर माणसं उतरवून परत फिरायची. ही जीप मात्र दहा माणसं घेऊन वर जायची. कुणाचं बाळंतपण असो, कुणाला साप चावलेला असो, अख्खा डोंगर या एका गाडीवर होता. आता ती रिकामीसुद्धा चढत नव्हती.

"मिस्त्री," सुभेदार म्हणाले, "गाडी फिट है. सिर्फ चढावर सांस नहीं लेती, आणि मागनं निळा धूर सोडती."

नानांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "हिची शिट्टी गेली. टर्बो संपलाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनाला जादा हवा पाजतो, तो टर्बो. तब्येत चांगली असली की चढाला त्याची बारीक शिट्टी ऐकू येते. झिजला की शिट्टी जाते, ताकद जाते, आणि त्याच्यातलं ऑईल गळून इंजिनाच्या तोंडात जायला लागतं. निळा धूर त्याचाच.

"होईल?" सुभेदारांनी विचारलं.

"व्हईल की."

"पंधरा दिवस देतो. सोळाव्या दिवशी गाडी कराडला. वहाँ बोर्ड है."

सुभेदारांना आतलं काही माहीत नव्हतं. ते सरळ मनानं बोलले आणि फाट्याकडं चालत गेले.

मी हळूच विचारलं, "नाना, कधी टर्बो उघडलाय?"

"न्हाई."

"मग?"

"इंजिन तरी आईच्या पोटातनं शिकून आलो व्हतो व्हय?"

उत्तर बिनतोड होतं. पण त्या दिवशी त्यांच्या पुढ्यातला चहा तसाच गार झाला.

* * *

टर्बो संपला कसा, हे दुसऱ्या दिवशी कळलं. नाना म्हणाले, गाडी चालवून दाखवा. सुभेदार स्टिअरिंगवर, शेजारी नाना, मागं मी. जवळचा एक छोटा चढ कसाबसा, खोकत खोकत पार केला. माथ्यावर पोचलो आणि सुभेदारांनी खटकन चावी बंद केली. मला वाटलं देखावा बघायला थांबलो. पण गाडी थांबली नाही. न्यूट्रलवर, इंजिन बंद, पलीकडचा अख्खा उतार आम्ही बैलगाडीसारखे गपगार उतरलो.

"आवं, चावी का बंद केली?" नानांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून विचारलं.

"उताराला गाडी आपोआप जाती. मग डिझेल कशाला जाळायचं?"

आता यात एकट्या सुभेदारांना हसण्यात अर्थ नाही. आमच्या भागात तेव्हा निम्मे ड्रायव्हर घाट असाच उतरायचे आणि वर त्याची फुशारकी मारायचे. पण टर्बोचा पंखा चढाला भन्नाट फिरलेला असतो, तापून लाल झालेला असतो, आणि इंजिन बंद केलं की त्याला ऑईल पोचत नाही. तो कोरडाच फिरत राहतो आणि आतलं उरलंसुरलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो.

हे सुभेदारांना कसं पटवायचं? नानांनी थोडा विचार केला. "सुभेदार, दहा मैल पळून आलेल्या जवानाला तुमी लगीच झोपवता का?"

"बिल्कुल नहीं. पहले टहलाते हैं."

"मग हिला बी टहलवा. गाडी थांबली की इंजिन दोन मिन्टं चालू ठेवा, मगच चावी काढा."

सुभेदारांनी खिशातली डायरी काढली आणि 'दोन मिनिट' असं लिहून खाली सही केली.

* * *

तिसऱ्या दिवशीचा प्रसंग आठवला की माझे पाय अजून आपोआप मागं सरकतात.

नानांनी धूर नीट बघायला हवेचा पाईप काढला आणि सुभेदारांना म्हणाले, "जरा रेस द्या." सुभेदारांनी दिली. मग म्हणाले, "सोडा." सुभेदारांनी सोडली. इंजिन मात्र चढतच राहिलं. टर्बोतून गळणारं ऑईलच ते डिझेल म्हणून प्यायला लागलं होतं. सुभेदारांनी चावी काढली, वर धरून आम्हाला दाखवली, आणि इंजिन तरी किंचाळतंय. पत्रे थडथडायला लागले. सगळीकडं पांढरा-निळा धूर. टपरीवाला भज्यांची परात डोक्यावर घेऊन हायवे पार झाला. मी कुठं होतो ते सांगत नाही.

अशा वेळी एकच इलाज, हवेचं तोंड बंद करायचं. नानांनी इकडंतिकडं बघितलं. हाताला काही लागेना. सीटवर सुभेदारांची हिरवी लोकरी जर्सी पडली होती. ती उचलली, गोळा केला आणि पाईपच्या तोंडावर दाबून धरला. इंजिनानं अर्धी बाही गिळली, दोन आचके दिले आणि गप्प झालं.

धूर निवळला. नानांनी बाही हळूहळू ओढून बाहेर काढली. काळी, ऑईलनं निथळणारी, कोपराच्या पुढं फक्त दोरे.

सुभेदारांनी ती हातात घेतली, नीट घडी केली. "मिस्त्री, ही जर्सी चार वर्षं बर्फात टिकली," ते म्हणाले. "उंब्रजला शहीद झाली."

* * *

गाडी अशी दारात पडली की सल्ला द्यायला गर्दी कमी नाही. जाणारा येणारा चहा घेतो आणि ज्ञान सांडून जातो. त्यात सगळ्यात वजनदार माणूस म्हणजे साखर कारखान्यातले एक फिटर. त्यांनी टर्बो बघितला आणि हसले.

"ह्यात काय हाय? आमच्या कारखान्यातलं टर्बाईन म्हंजी ह्याचाच आजा. खोलीएवढं. हे तर लेकरू हाय."

नाना एकदम सावरून बसले. त्यांच्यासाठी भजी मागवली. टर्बाईन वाफेवर कसं फिरतं, त्याचा शाफ्ट किती नाजूक, हे सगळं त्या गृहस्थांनी तासभर सांगितलं. कागदावर आकृती काढली. नानांनी ती आकृती घडी करून खिशात ठेवली.

"आनी टर्बाईन असं झिजलं," नानांनी शेवटी मुद्द्याचं विचारलं, "तर तुमी काय करता?"

"तवा व्हय?" फिटर भजं तोंडात टाकत म्हणाले. "पुन्यास्नं मानूस बोलावतो."

* * *

नवीन टर्बोसाठी मी मुंबईला एसटीडी लावला. उत्तर आलं, माल परदेशातून येईल, तीन महिने धरा. म्हणून पुण्याला जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. एका दुकानदारानं लोखंडाच्या ढिगातून डायरेक्ट हात घालून एक टर्बो काढला आणि म्हणाला, "हाच. डोळे झाकून बसवा."

"गॅरंटी?"

"आहे ना. माझी पायरी उतरेपर्यंत."

ऑईल अडवणाऱ्या सीलच्या रिंगा तेवढ्या मी वेगळ्या, नव्या, डबीबंद घेतल्या. ते एक शहाणपण केलं. टर्बो मांडीवर घेऊन एसटीनं उंब्रजला आलो, तर नानांनी तो इंजिनाशेजारी धरून बघितला. सगळं जुळत होतं, फक्त तोंडं उलट्या बाजूला होती. धूर बाहेर जायचा तो ड्रायव्हरच्या तोंडावर येणार होता.

मी ओशाळलो. नानांनी मात्र टर्बो चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "बसंल की. फकस्त सुभेदारांना उलटं तोंड करून गाडी चालवाय लागंल."

* * *

सुभेदार रोज नऊच्या ठोक्याला यायचे. नमस्कार नाही, चहा नाही. एकच शब्द. "प्रोग्रेस?"

नानांनी जीपचा टर्बो उतरवून फळीवर, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. रोज सकाळी फडकं सोडायचे, बघायचे आणि परत बांधायचे. उघडत नव्हते. आत एक चुकीचा हात पडला आणि पंखा वाकला तर संपलंच, डोंगरावरच्या लोकांची गाडी कायमची बसली, ही भीती त्यांना होती. मला ती दिसत होती, पण तीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस घाबरलाय हे त्याच्या तोंडावर कोण म्हणणार?

मग ते सुभेदारांना थापा मारायला लागले.

"सामान निघालंय मुंबैतनं."

दुसऱ्या दिवशी, "पुन्यापतोर आलंय."

तिसऱ्या दिवशी, "शिरवळला हाय."

चौथ्या दिवशी नानांनी "साताऱ्यात..." म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "मिस्त्री, सामान पैदल आ रहा है क्या?"

* * *

अकराव्या दिवशी दुपारी नाना माझ्या दुकानात आले. कधी यायचे नाहीत, बाहेरूनच हाक मारायचे. काउंटरवरचे नटबोल्ट उगीच इकडचे तिकडे केले.

"बापू, तुजं कराडला काय काम हाय का?"

मला कळलं. मी म्हणालो, "काढलं तर निघेल."

"न्हाई, म्हंजी मानूस गेलाच हाय तर. माजं नाव घेऊ नगंस. कोरेगावच्या एका ट्रकवाल्याचा हाय म्हन."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना ते किती जड गेलं असेल! मी टर्बो पोत्यात घातला आणि कराडची एसटी धरली.

दिनकरचं गॅरेज चांगलं होतं. फरशी, ट्यूबलाईट, भिंतीवर टांगलेले पाने. मला बघून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. पोतं उघडलं, टर्बो हातात घेऊन फिरवला, एका जागी अंगठा ठेवला आणि थांबला.

"कुनाचा म्हनालासा?"

"कोरेगावच्या एका ट्रकवाल्याचा."

"ट्रकचा हाय?"

"हो."

वीस वर्षं पार्ट विकणारा माणूस एका जीपचा टर्बो ट्रकचा म्हणून टर्बो स्पेशालिस्टला सांगत होता. दिनकरनं माझ्याकडं बघितलं. मी बोर्डाकडं बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "कोरेगावला सांगा, चार दिवस लागत्याल." टर्बो त्यानं स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि पाठमोरा होऊन विचारलं, "नाना डोळ्यांत औषध घालत्यात का?"

"कधी घालतात, कधी विसरतात."

"त्यांना आटवन करत जावा," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

* * *

तेराव्या दिवशी सांगलीहून मकबूलभाई आले. ते लेथवाले. आमची सगळी टर्निंगची कामं त्यांच्याकडं, म्हणून अधूनमधून एसटीनं यायचे. खांद्यावरची पिशवी बाकावर ठेवली आणि आतून फडक्यातली एक वस्तू काढली.

"नाना, एका पार्टीचं काम हाय. जरा बगा."

फडकं सुटलं. आत टर्बो. त्याच्या अंगावर पंचनं मारलेले तीन ठिपके, त्रिकोणात.

कुठलाही पार्ट गाडीतून उतरवताना त्यावर असे तीन ठिपके मारायचे, ही नानांच्या गॅरेजची रीत. दहा गाड्यांचं सामान एका फळीवर पडलं तरी आपलं कुठलं ते कळावं म्हणून. आणि अकरा वर्षं हे ठिपके मारायचं काम दिनकरकडं होतं. पोत्यात घालताना हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कोरेगावचा ट्रकवाला म्हणे!

नानांचा चेहरा बघवेना. आपलाच टर्बो, आणि म्हणताही येईना.

"कुन्या पार्टीचं?" त्यांनी विचारलं.

"नाव सांगू नका बोल्या. उंब्रजला नानाला दावा बोल्या."

"आनी काय बोल्या?"

"नाना न्हाई म्हनले तर परत आना बोल्या. मग पुन्याला धाडू बोल्या." मकबूलभाई भोळेपणानं फडकं परत बांधायला लागले. "जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या नाना. मी परत नेतो."

नानांनी फडक्यावर हात ठेवला.

"ठेव," नाना म्हणाले. "बापू, अर्धं शटर वढ."

त्यांनी हात साबणानं दोनदा धुतले. बाकावर घरून आणलेला पांढरा पंचा पसरला, उदबत्ती लावली आणि टर्बो उघडला. तेरा दिवस जे उघडलं नव्हतं ते अर्ध्या तासात पंच्यावर ओळीनं मांडून ठेवलं. शाफ्ट ज्या बुशांत फिरतो ते बूश झिजून अंड्यासारखे झाले होते. ऑईल यायचं भोक कोळशानं गच्च बुजलेलं. नानांनी ते सायकलच्या तारेनं मोकळं केलं. मकबूलभाईंनी मापं घेतली, त्याच पावली सांगलीला गेले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्यात, कापसात ठेवून, दोन नवे बूश घेऊन आले. माझ्या पुण्याच्या रिंगा कामी आल्या.

सगळं बसवल्यावर नानांनी शाफ्टला बोटानं टिचकी मारली, तो फिरायला लागला, आणि त्यांनी कान जवळ नेला. डोळे मिटले. पंखा बराच वेळ फिरत राहिला.

"झालं," ते म्हणाले.

मकबूलभाईंनी टर्बो पिशवीत घातला. "चला, पार्टीला पोचवतो."

आता त्यांना काय सांगणार? जीप बाकापासून पाच पावलांवर उभी होती, आणि तिचा टर्बो दुरुस्त होऊन तिच्यासमोरून सांगलीच्या एसटीत बसला. सांगलीहून कराड, कराडहून मी तो पंधराव्या दिवशी उंब्रजला आणला. दिनकरनं माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. "मी काय केलं न्हाई," तो म्हणाला. "कोरेगावला म्हनावं, मिस्त्री चांगला भेटला तुला."

सोळाव्या दिवशी नऊच्या ठोक्याला सुभेदार आले. नानांनी चावी त्यांच्या हातात दिली. चढाला शिट्टी वाजली, ती मी दुकानात बसून ऐकली. नानांनी ऐकली का, माहीत नाही. ते पाठ करून हात धूत होते.

* * *

मधला एक किस्सा राहतोय, तो सांगून टाकतो. सुभेदारांनी डायरीतली 'दोन मिनिट' फौजी हुकमासारखी पाळली. गाडी थांबली की ते टोपी काढून मांडीवर ठेवायचे, पाठ ताठ, नजर समोर, घड्याळावर दोन मिनिटं, मग चावी.

एका गावात ग्रामसभेच्या वेळी ते असे चावडीसमोर येऊन थांबले. आतल्यांनी बघितलं, सुभेदार टोपी काढून, गप्प, ताठ बसलेत. एकजण उभा राहिला. मग दुसरा. मग सरपंचांनी फेटा काढला. सगळी सभा दोन मिनिटं स्तब्ध उभी. सुभेदार चावी काढून आत आले तोवर सरपंचांनी सभा तहकूबही केली होती. माणसं हळहळत पांगली.

संध्याकाळी सरपंच फाट्यावर भेटले. हळूच म्हणाले, "सुभेदार, गडबडीत इचारायचं ऱ्हायलं. कोन गेलं?"

* * *

आता शेवटचा.

जीप चांगली चालायला लागून महिना झाला होता. सुभेदार ऑईल बदलायला आले. काम झाल्यावर नाना हात पुसत म्हणाले, "सुभेदार, एक करा. गाडी एकदा कराडला दावून या."

मी दुकानातून बाहेर आलो. तीस वर्षांत पहिल्यांदा नाना स्वतःच्या तोंडानं गाडी दुसऱ्याच्या दारात पाठवत होते.

"कशाला?" सुभेदार म्हणाले. "गाडी फिट है."

"असंना का. त्या बोर्डवाल्याला दावा. दिनकर नाव हाय त्याचं. म्हनावं, टर्बो बगून दे, काय कमीजास्त असंल तर सांग."

नाव घेतलं. मी टपरीवाल्याकडं बघितलं, टपरीवाल्यानं माझ्याकडं. सुभेदार हुकमाचे बंदे, गेले. नानांनी त्या दिवशी दुसरं काम हातात घेतलं नाही. हायवेवर कराडच्या बाजूला तोंड करून बसून राहिले.

चारच्या सुमाराला शिट्टी आली आणि मग जीप आली. सुभेदार दोन मिनिटं ताठ बसले, चावी काढली, उतरले. चिडलेले होते.

"मिस्त्री, वो कैसा स्पेशालिस्ट है? बोनेट उघडलं, टर्बोवरनं एकदा हात फिरवला. मग म्हणाला, गाडी चालू करा."

"मीटर लावला आसंल?" नानांनी विचारलं.

"काही लावलं नाही. नुसता कान लावून उभा. डोळे मिटून. पाच मिनिटं. मग बोनेट लावलं आणि म्हणाला, ह्यात मला काय करन्यासारखं न्हाई, गाडी उंब्रजलाच न्या."

नाना उठून उभे राहिले.

"और एक बात," सुभेदार म्हणाले. "मी निघताना तो पुढं आला, वाकला, पुढच्या चाकाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. आता गाडीच्या पाया कशाला पडायचं?"

"चाकात हवा कमी आसंल," नाना म्हणाले. "म्हनून वाकला आसंल. बगतो."

आणि ते पुढच्या चाकापाशी जाऊन बसले. एका चाकाची हवा बघायला त्या दिवशी त्यांना अर्धा तास लागला.